दातेरी रेघ

अल्मा-आता
७ ऑक्टोबर १९६२

मिर्झा,

हो, अजूनही मिर्झाच. सासरच्या पुरुषांची नावं तोंडातून काढायची नाहीत असं तुझ्या आईनं मला लग्नाच्या पहिल्याच दिवशी बजावलं, तेव्हा तू शेंबडा शाळकरी पोरगा होतास आणि मी तुझं नाव मिर्झा ठेवून मोकळी झाले. आता मी अणुभौतिकीची प्रयोगशाळा चालवते, चार पुरुषांना कामाला लावते, पण जीभ तुझ्या नावापाशी आली की अडखळतेच. हस, मॉस्कोत बसून हस.

सोबतच्या खोक्यात सफरचंदं आहेत, तळाशी कझी आहे. घोड्याच्या मांसाला तुझे ते वसतिगृहातले मित्र आधी नाकं मुरडतात आणि मग ताट चाटतात, तेव्हा लपवून ठेव. तुझा दादा स्टेपमध्ये खनिजं शोधतो आहे. बर्फ पडेपर्यंत यायचा नाही.

आता कामाचं. माझ्याकडे लिडिया ख्वान म्हणून एक मुलगी प्रबंध करते आहे. कोरियन, उश्तोबे गावची. जिभेला हाड नाही आणि नाकावर राग. यंत्र चालू असलं की मोठमोठ्यांदा बेसूर गाते, शेजारच्या खोलीतले लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. पण डबा उघडून तिखट गाजरं पुढे केली की तक्रार करणारेही गप्प बसतात. मला ती आवडते. डोक्याला ताप देते, पण आवडते.

तिचं काम साधं आहे. अणुगर्भावर प्रोटॉन सोडायचे आणि उडून किती बाहेर येतात ते मोजायचं. मग ऊर्जा अगदी जराशी वाढवायची, पुन्हा मोजायचं. या ऊर्जेला अणुगर्भाच्या ऊर्जा-पातळ्या इतक्या दाट असतात, इतक्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, की येणारी रेघ गुळगुळीत यायला हवी. तुम्ही सिद्धान्त मांडणारे पुस्तकवाले आम्हाला हेच शिकवत आलात ना? लिडियाची रेघ करवतीसारखी आली आहे. वर, खाली, पुन्हा वर. मोजणीतली नेहमीची चूक शंभरात दोनची, आणि हे दात शंभरात पंधराचे, वीसचे.

डिसेंबरात तिला प्रबंध सभेपुढे मांडायचा आहे. तीन वर्षांचं काम या एकाच रेघेत आहे. संचालक मला विचारतात, "याची हमी कोण देणार?" मी काय सांगू? आलेख पाठवते आहे. नीट बसून बघ आणि कळव.

रौझा


मॉस्को
२५ ऑक्टोबर १९६२

वहिनीसाहेबांना मिर्झाचा मुजरा!

कझी पोचली आणि त्याच दिवशी संपली. लपवणार कुठे? अख्खा मजला वासावर माग काढत आला.

तुमच्या करवतीपाशी दोन संध्याकाळी बसलो. वहिनी, यात काही तथ्य नाही. एवढ्या पातळ्या एकत्र आल्या की एकीचं वर जाणं दुसरीच्या खाली येण्यानं भरून निघतं, आणि उरते ती सपाट रेघ. दात येण्याचं कारणच नाही. म्हणजे एक तर तुमचं यंत्र डुलतं आहे, नाही तर मोजणारं माणूस.

मला विचाराल तर ही करवत अणुगर्भाची नाही, तुमच्या लिडियाची आहे. बाई यंत्रापुढे बसून पेंगतात, मान खाली पडली की दचकून उठतात आणि मनाला येईल तो आकडा ठोकून देतात! त्यांना कडक चहा पाजा. नाही तर लग्न लावून द्या, झोप आपोआप उडेल.

दादाला सांगा, त्याच्या दगडांपेक्षा तुमची सफरचंदं बरी.

तुमचा
येर्सिन


अल्मा-आता
३० नोव्हेंबर १९६२

मिर्झा,

पत्र मिळालं. तुझं मत उपयोगी पडलं.

लिडियाची सभा सध्या पुढे ढकलली आहे. इथे बरंच काही चालू आहे, सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही. प्रयोगशाळा माझ्याकडेच राहिली, तेवढं कळवते.

लोकरीचे हातमोजे पाठवते आहे. उजव्याचा अंगठा जरा मोठा झाला आहे, विणताना माझं लक्ष नव्हतं. तू ते घालून फिर आणि कुणी विचारलं तर दुकानातून घेतले म्हणून सांग.

दादा परत आला. खोकतो आहे, पण आहे बरा.

रौझा


मॉस्को
१० फेब्रुवारी १९६३

वहिनी,

आधी खाली बसा. चहा घ्या. मग वाचा.

तुमची करवत खरी आहे!

गेल्या आठवड्यात आमच्या चर्चेत एकानं बाहेरच्या देशातलं नवं काम सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि तुमची करवत डोळ्यांपुढे आली. घरी येऊन गणित मांडलं. वहिनी, पातळ्या एकमेकींत मिसळल्या की सगळं सपाट होतं, हे आम्ही धरूनच चाललो होतो. कुणी तपासलंच नव्हतं.

आपल्याकडच्या लग्नातली गर्दी आठवा. तंबूबाहेर उभं राहिलं की शंभर माणसांच्या बोलण्याचा एकच गोंगाट ऐकू येतो. पण नीट कान दिला तर तो एकसारखा नसतो. मध्येच उसळतो, मध्येच बसतो. कुणी ठरवून उसळवत नाही. शंभर आवाज कधी जुळतात, कधी एकमेकांना खातात. आणि त्याच शंभर माणसांनी तीच वाक्यं त्याच क्रमानं पुन्हा म्हटली, तर गोंगाट पुन्हा त्याच जागी उसळेल. अणुगर्भात हेच होतं. तो काही बंद पेटी नाही. आत आलेलं बाहेर गळत असतं, म्हणून पातळ्या पसरतात, एकमेकींवर चढतात आणि त्यांच्या लाटांची बेरीज वेडीवाकडी होते. दिसायला अगदी मोजणाऱ्याच्या चुकीसारखी. पण तो गर्भ असेल आणि ती ऊर्जा असेल, तर दर वेळी तशीच.

मोजणाऱ्याची चूक असेल तर दुसऱ्या वेळी दात दुसरीकडे पडतील. गर्भाचे असतील तर तिथेच पडतील. एवढी साधी परीक्षा आहे. आणि दातांच्या रुंदीवरून, आत शिरलेला कण बाहेर पडण्याआधी किती वेळ आत रेंगाळला तेही सांगता येतं. केवढं मोठं काम आहे हे!

लिडियाला सांगा, त्याच ऊर्जांना पुन्हा मोज म्हणावं. आजच सांगा. आणि माझा तो चहाचा विनोद तिच्या कानावर घातला असलात तर एकदा पाठीत धपाटा घाला मला.

येर्सिन


अल्मा-आता
२० मार्च १९६३

मिर्झा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रोज उत्तर लिहायला बसते आणि रोज उठते.

लिडिया इथे नाही. जानेवारीत गेली. वसाहतीतली खोली संस्थेची, ती काढून घेतली. आता काकाच्या टोळीबरोबर उश्तोबेकडे कांद्याची शेती करते असं ऐकलं.

काय झालं ते सांगते. नोव्हेंबरात बैठक झाली. संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रौझा सादिकोव्ना, ही रेघ खरी म्हणून तुम्ही सही करता का? उद्या मॉस्कोत हसं झालं तर प्रयोगशाळा बंद होईल." माझ्या हातात तुझं पत्र होतं. मी उठले आणि म्हणाले, "मॉस्कोचं मत असं आहे की हे दात अणुगर्भाचे नाहीत, मोजणाऱ्याचे आहेत." पुढचंही वाचलं. पेंगण्याचं, मनाला येईल तो आकडा ठोकण्याचं. चहा आणि लग्न तेवढं गाळलं.

तुझं नाव घेतलं नाही. लोकांना वाटलं, कुणा मोठ्या माणसाचं लेखी मत आहे. कुणी विचारलंही, "कोण हे?" मी म्हणाले, "नाव घेता येत नाही." खरंच होतं की ते! आपल्याकडे नाही घेत. पण मला ठाऊक होतं, ते लोक त्याचा काय अर्थ घेतील. रीत पाळायची म्हणून नाही गप्प बसले मी. धाकट्या दिरानं वहिनीची थट्टा केलेलं पत्र आहे असं सांगितलं असतं, तर त्याला कुणी भीक घातली असती?

इतिवृत्तात "आकडे बनावट असल्याचा संशय" असं लिहिलं गेलं. तेवढ्यावर प्रबंध गेला, नोकरी गेली, खोली गेली. घरच्या थट्टेचं मी काय केलं बघ. तिच्या अन्नात माती कालवली मी.

ज्यावर प्रोटॉन सोडायचे तो तिनं तयार केलेला पातळ पत्रा अजून कपाटात आहे. यंत्राचा वेळ मिळाला की मीच मोजणार आहे. तिच्या आकड्यांकडे न बघता.

रौझा


मॉस्को
४ एप्रिल १९६३

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी खोलीबाहेर गेलो आणि बराच वेळ नुसता चालत होतो.

तुम्ही स्वतःला दोष देताय, त्यात माझा वाटा राहून गेला आहे. तो आधी घ्या. दोन संध्याकाळी बसलो असं मी लिहिलं होतं ना? बसलो नव्हतो. भोजनगृहात रांगेत उभा होतो, पुढे सात-आठ माणसं होती, तेवढ्यात तुमचा आलेख उघडला, हसलो आणि घडी घातली. गणित केलंच नाही. संध्याकाळी पत्र लिहिताना वाटलं, नुसतंच मत दिलं तर वहिनी म्हणतील, पोरगं मॉस्कोला जाऊन आळशी झालं. म्हणून दोन संध्याकाळी घातल्या. तुम्हाला हसवायला तिला पेंगवलं. मला ती दिसतही नव्हती हो! कुणी खरीखुरी मुलगी तिथे बसून मोजते आहे हे डोक्यातच आलं नाही. उश्तोबेची लिडिया म्हणजे माझ्या लेखी पत्रातला एक मजेशीर शब्द होता. लाज वाटते लिहायला.

पण एक गोष्ट मला छळते आहे. तीन वर्षं काम केलेली मुलगी, तुम्ही वर्णन केलीत तशी हट्टी. तिला स्वतःला कधी शंका आली नाही? असले दात दिसल्यावर कुणीही पहिली गोष्ट करील ती पुन्हा मोजण्याची. तिनं पुन्हा मोजलं नव्हतं? खरं सांगा.

येर्सिन


अल्मा-आता
१२ मे १९६३

मिर्झा,

माझं मोजणं झालं. आलेख सोबत आहे. काळ्या शाईचा तिचा, निळ्या शाईचा माझा. दात तिथेच आहेत. एकूण एक. काही ठिकाणी निळी शाई काळीवर अशी बसली आहे की रंगही कळत नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी मागच्या पत्रातच द्यायला हवं होतं. नाही दिलं. वाटलं, तू विचारणार नाहीस.

मोजलं होतं तिनं. दोनदा. वेगवेगळ्या महिन्यांत. बैठकीत माझं वाचून झाल्यावर ती उभी राहिली. गोरीमोरी झाली होती, पण आवाज खणखणीत होता. म्हणाली, "मी पुन्हा मोजलंय. दोनदा मोजलंय. दर वेळी हेच येतं. पेंगणाऱ्याला दर वेळी त्याच जागी डुलकी लागते का?"

दोघं-तिघं हसले. तिच्या बाजूनं हसले, मिर्झा. त्या क्षणी सगळं फिरलं असतं. आणि मी, तिची मार्गदर्शक, काय म्हणाले ऐक. मी म्हणाले, "त्याच हातानं मोजलं तर तीच चूक पुन्हा येणारच."

चूक येते त्याच जागी? कुठल्या शाळेत शिकले मी? झोपेतली चूक त्याच ऊर्जेला, तेवढीच, दोन महिन्यांनी परत येते? पहिल्या वर्षाच्या पोरानं हे म्हटलं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं. पण माझ्या तोंडून आलं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मला तेव्हाच कळलं होतं का, असं तू विचारशील. मीही स्वतःला विचारते. मला वाटतं, बोलता बोलताच कळलं होतं. पण संचालकांचा चेहरा निवळला होता आणि माझी प्रयोगशाळा वाचली होती.

आता सांग, काय करू?

रौझा


मॉस्को
२६ मे १९६३

वहिनी,

काय करायचं ते मी माझ्यापुरतं केलं. तुमच्या संस्थेच्या सभेला काल नोंदणीकृत पत्र धाडलं. स्वच्छ लिहिलं की नोव्हेंबरात वाचलेलं "मॉस्कोचं मत" माझं होतं, ते एका नातेवाइकाला लिहिलेल्या खासगी पत्रातलं होतं, त्यामागे कसलंही गणित नव्हतं आणि ते चूक होतं. आताचं गणित सोबत जोडलं. लिडिया ख्वान यांची मोजणी बरोबर आहे आणि ती सगळ्यात आधी त्यांनीच केली असंही लिहिलं.

आमच्या प्रमुखांना प्रत दाखवली. ते म्हणाले, "अशी पत्रं लिहिणाऱ्याला मी पुढच्या वर्षी प्रबंधाला उभा करू शकत नाही, हे समजून लिही." मी म्हटलं, समजलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. जाऊ दे. थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

लिडियालाही वेगळं पत्र लिहिलं आहे.

पण वहिनी, इतिवृत्त पुसून तिचा प्रबंध परत मिळणार नाही. तिनं यायला हवं. आणि तिला बोलावणं तुमचंच जायला हवं, संस्थेचं नको.

येर्सिन


अल्मा-आता
१७ जून १९६३

प्रिय लिडिया,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. तू बरी असशील. शेतातल्या कामाची सवय नसताना हात सोलवटले असतील.

तुला कळवायला आनंद वाटतो की सभेनं नोव्हेंबरचा ठराव रद्द केला आहे. तुझ्यावर अन्याय झाला हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं आहे. तू गेल्यावर मी स्वतः तुझ्याच पत्र्यावर पुन्हा मोजणी केली आणि तुझी रेघ जशीच्या तशी आली; आलेख सोबत आहे, काळी शाई तुझी, निळी माझी. मॉस्कोच्या गणितानंही तेच सिद्ध होतं. असे दात यायलाच हवेत असं आता लोक म्हणतात.

तेव्हा परिस्थिती फार अवघड होती, तुला कल्पना नसेल. वरून दबाव होता. प्रयोगशाळा बंद झाली असती तर तू, मी, यंत्रावरचे सगळे, कुणीच राहिलं नसतं. त्या वेळी विज्ञानालाच हे ठाऊक नव्हतं. माझ्या हातात जे मत आलं त्यावर मला विसंबावं लागलं. ज्यानं ते दिलं तो माझा धाकटा दीर आहे, मनानं चांगला आहे, पण तेव्हा त्यानं घाई केली. त्याचंही नुकसान झालं आहे. मला या सगळ्याचं किती वाईट वाटतं ते तुला सांगून कळणार नाही. वसंतभर मला अन्न गोड लागलेलं नाही.

संचालकांनी सप्टेंबरात तुझी सभा ठेवायचं कबूल केलं आहे. राहायची सोय माझ्या घरी. तुझ्या नावाचा लेख मॉस्कोच्या नियतकालिकाला पाठवायची तयारी मी करून ठेवली आहे, तुझी सही हवी. तू ये. सगळं पूर्वीसारखं होईल.

तुझी
रौझा सादिकोव्ना


उश्तोबे
५ जुलै १९६३

रौझा सादिकोव्ना,

पत्राला कांद्याचा वास येईल, इलाज नाही. आमच्याकडे सध्या माणसालाही येतो.

मी येणार. सप्टेंबरची तारीख नक्की करून कळवा, त्या आठवड्यात काढणी असली तर काकाला बदली माणूस बघावा लागेल. तुमच्या घरी नाही राहणार. माझी मावसबहीण स्टेशनजवळ राहते, तिच्याकडे उतरेन.

माझ्या अटी लिहिते. पहिलं, नोव्हेंबरात माझं काय झालं, कोणी केलं, यातलं अक्षर सभेत कुणी मतदानाआधी काढायचं नाही. लोकांना दया आली की ते दयेनं मत देतात, आणि मला आयुष्यभर दयेची पदवी मिरवायची नाही. रेघ बघावी आणि मत द्यावं. पडले तर पडले. दुसरं, निळी रेघही भिंतीवर लावा, तुमच्या नावासकट. ती तुम्ही मोजलीत, चांगली मोजलीत, सातव्या दातापाशी तर माझ्यापेक्षा बरी. तिसरं, विरोधी परीक्षक म्हणून तुमच्या दिरांना बोलवा. सभेला चालत असेल तर. मला त्यांच्या तोंडून तासभर अवघड प्रश्न हवे आहेत.

त्यांचं पत्र आलं. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं, "माझ्याकडून मोठा गुन्हा झाला, मला क्षमा करा." पुढे काय काय लिहिलं होतं ते मी नंतर वाचलं. रडले थोडी, मग शेतावर गेले. तो माणूस मला कधी भेटलेला नाही. त्याच्यावर मी फार दिवस चिडून राहू शकले नाही.

आई रोज विचारते, "त्या बाईंना क्षमा केलीस का गं? तुला पहिल्या वर्षी आजारपणात घरी नेऊन ठेवणाऱ्या त्याच ना?" मी तिला म्हटलं, "आई, त्यांनी मागितलीये कुठे?" तिचा विश्वास बसेना. एवढं तीन पानी पत्र आलंय, त्यात नसेल कसं म्हणाली. म्हणून तिला सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. दबाव होता, विज्ञानाला ठाऊक नव्हतं, दिरानं घाई केली, अन्न गोड लागत नाही. "अन्याय झाला" आहे. गारा पडल्यासारखा, आपोआप. आई ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

मला तुमचं दुःख खोटं वाटत नाही. पण नोव्हेंबरात मी उभी राहिले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना सोडून तुमच्याकडेच बघत होते. ते तुम्हाला माहीत आहे. कारण तुम्हीही माझ्याकडे बघत होतात.

लिडिया ख्वान


अल्मा-आता
११ जुलै १९६३

लिडिया,

चुकलं माझं. तू खरं मोजलं आहेस हे मला त्या खोलीतच कळलं होतं, तू उभी होतीस तेव्हाच, आणि मी स्वतःला वाचवलं. मला क्षमा कर, किंवा करू नकोस.

तुझी आई विचारील म्हणून हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात काढलं आहे. तिला वाचून दाखव.

सभा १९ सप्टेंबरला आहे. मतदानाआधी मी तोंड उघडणार नाही, तुझी अट आहे. मतं मोजून झाली की त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर उभी राहीन आणि वर लिहिलंय ते बोलेन. तू तेव्हा थांबायला हवंस असं नाही. तुझी गाडी चुकायला नको.

रौझा